चिकूचं पोट, पाव किलो कच्चा खिमा आणि ‘डिटॉक्स’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही पडताळता येईल. चिकू, शित्झू जातीचा कुत्रा, वय ४, वजन ५.५ किलो. आजवर रोज साधारण १०० ग्रॅम कोरडं तयार खाद्य खायचा, तब्येत ठणठणीत. नऊ दिवसांपूर्वी ते एका रात्रीत बंद केलंत आणि कच्चं सुरू केलंत. दुकानातून दळून आणलेला कातडीसकट चिकनखिमा २५० ग्रॅम, कोंबडीच्या दोन माना, आणि ताकद यावी म्हणून ५० ग्रॅम काळीज. तिसऱ्या दिवसापासून पाच-सहा वेळा पातळ शी, शेवटी शेवटी नुसती आव, आणि दोनदा पहाटे पिवळी उलटी. खेळतोय, पण कालपासून जरा मंद वाटतोय. व्हिडिओतले लोक सांगतात की शरीरातली घाण बाहेर पडते आहे, मध्येच थांबू नका. अजून किती दिवस वाट पाहायची, हा तुमचा प्रश्न.

एकही दिवस नाही. कच्चं आजच बंद करा. ते कायमचं बंद करायचं की नाही हे नंतर ठरवू, तो वेगळा विषय आहे.

पुढचं वाचण्याआधी एकदा चिकूजवळ जाऊन या. ओठ उचलून हिरडीला बोट लावा. हिरडी ओलसर आणि गुलाबी हवी. बोटाने दाबल्यावर पांढरी होते, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरडी चिकट, कोरडी किंवा फिकट लागली, तर पुढचं वाचू नका, दवाखाना गाठा. शी करवंदाच्या जॅमसारखी लालभडक किंवा डांबरासारखी काळी चिकट झाली असेल, दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या झाल्या असतील, प्यालेलं पाणीही बाहेर येत असेल, पोटाला हात लावू देत नसेल, किंवा पुढचे पाय ताणून छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवून पुन्हा पुन्हा बसत असेल, तरीही हेच. ही शेवटची पोज लोकांना आळोखेपिळोखे वाटते. बऱ्याचदा ते पोटातलं दुखणं असतं.

एवढी घाई का, तर चिकू ५.५ किलोचा आहे म्हणून. त्याला दिवसभरात सगळं मिळून साधारण ३०० मिलिलिटर पाणी लागतं. पाच-सहा पातळ शी आणि एक-दोन उलट्यांत वाटीभर पाणी सहज जातं. ३५ किलोच्या लॅब्रॅडॉरच्या शरीरातून वाटीभर पाणी गेलं तर त्याला पत्ताही लागत नाही, चिकूसाठी मात्र तो दिवसाच्या पाण्याचा मोठा हिस्सा आहे. शिवाय छोट्या जातींच्या कुत्र्यांत रक्ताच्या जुलाबांचा एक प्रकार असा असतो की सकाळी उड्या मारणारं कुत्रं संध्याकाळी सलाईनवर असतं. मोठ्या कुत्र्यांच्या मालकांचे ‘आमच्याकडे दहा दिवसांत सेट झालं’ हे अनुभव खरेही असतील, ते चिकूला लागू पडत नाहीत इतकंच.

आता खरा मुद्दा. तुम्ही विचारलंत, ‘कच्चं त्याला सोसत नाही का?’ मला हा प्रश्नच थोडा चुकीचा वाटतो. तुम्ही एका रात्रीत एक नाही, पाच गोष्टी बदलल्यात. मांस कच्चं आलं, चरबी वाढली, एकूण खाणं वाढलं, हाड आलं आणि काळीज आलं. यातलं कशाने पोट बिघडलं हे आता चिकूच्या आतड्यांनाही सांगता येणार नाही. माझा अंदाज विचाराल तर ‘कच्चं’ हा पहिला संशयित नाही. पहिला संशय माझा चरबीवर आहे, आणि तो आकडेमोडीतून आलाय.

पाकिटावर चरबी १२ टक्के लिहिलेली असते, चिकनमध्ये १५ टक्के असते, म्हणजे फारसा फरक नाही असं वाटतं. पण कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम १० टक्के, आणि कातडीसकट कच्च्या चिकनमध्ये ६५ टक्क्यांच्या वर. पाणी बाजूला काढून मोजलं तर पाकिटातल्या खाद्यात चरबी १३-१४ टक्के भरते आणि त्या चिकनमध्ये ४० टक्क्यांच्या वर. हेच चिकूच्या ताटलीत बघा. आधी १०० ग्रॅम खाद्यातून त्याच्या पोटात रोज १२ ग्रॅमच्या आसपास चरबी जायची. आता नुसत्या खिम्यातून ३७ ग्रॅम जाते, मानांवरची कातडी वेगळी. चहाच्या चमच्याने मोजलं तर पावणेतीन चमचे तेलावरून आठ चमच्यांवर, तेही एका रात्रीत. त्यात दुकानात कुत्र्यासाठी म्हणून जो खिमा दळून मिळतो त्यात कातडी, चरबीचे गोळे, माना असं जे उरतं ते सगळं असतं. स्वस्त मिळतो तो त्यामुळेच. तुमचा खिमा कदाचित माझ्या हिशेबापेक्षाही जास्त चरबीचा असेल.

एकूण खाणंही बघा. घरात राहणाऱ्या, रोज दोनदा फिरायला जाणाऱ्या ५.५ किलोच्या कुत्र्याला साधारण ३५० ते ४०० कॅलरी पुरतात. २५० ग्रॅम कातडीसकट चिकनच्याच ५०० च्या वर होतात. माना आणि काळीज धरून तो रोज जवळजवळ पावणेदोनपट-दुप्पट खातोय. आतड्यात जे पचत नाही ते पुढे मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू त्यावर ताव मारतात, पाणी ओढलं जातं, आणि मग तुम्हाला दिसते ती पातळ, वास मारणारी शी.

जास्त चरबीची मला भीती वाटते ती जुलाबांमुळे नाही. स्वादुपिंडाला सूज येते, ज्याला आम्ही पॅन्क्रिएटायटिस म्हणतो, तिच्यामुळे. गटारीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात हमखास दोन-तीन छोटी कुत्री येतात. मटणाची चरबी कोणीतरी लाडाने घातलेली असते. पाठीला पोक काढून उभं राहायचं, उलट्या, खाण्याकडे तोंड फिरवायचं. काही वाचतात दोन दिवसांत, काहींना आठवडाभर ॲडमिट ठेवावं लागतं. चिकूला ते झालंय असं मी म्हणत नाही, त्याला मी पाहिलेलं नाही. पण ‘कालपासून मंद’ हे दोन शब्द तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकले. आज-उद्यात तो पूर्ववत उत्साही झाला नाही, तर डॉक्टरांना स्वादुपिंडाची रक्ततपासणी करायला सांगा.

आता शीबद्दल. आमच्या धंद्यात शी बघून अर्धं निदान होतं, त्यामुळे संकोच करू नका. शी भरपूर, पाण्यासारखी, पण दिवसातून दोन-तीनदाच होत असेल तर बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. थोडी थोडी, वारंवार, कुंथून, आणि शेवटी आव किंवा ताज्या रक्ताचा एखादा ठिपका, हे मोठ्या आतड्याचं लक्षण. चिकूचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं. अचानक बदललेल्या खाण्याने होणाऱ्या बिघाडात हेच जास्त दिसतं, आणि वेळेत थांबवलं तर ते बरं होतंही लवकर.

पांढरी, खडूसारखी, हातात भुगा होणारी शी दिसली तर हाड जास्त झालं असं समजायचं. मग कुत्रं कुंथत बसतं आणि घरच्यांना वाटतं पुन्हा जुलाब लागले. गडद तपकिरी, मऊ, चिखलासारखी शी काळजाने होते. काळीज एकूण खाण्याच्या ५ टक्क्यांच्या आसपास असावं, म्हणजे चिकूसाठी दिवसाला १० ग्रॅम खूप झालं. तुम्ही त्याच्या पाचपट देताय. काळजात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, महिनोन् महिने फारच जास्त काळीज दिलं तर हाडांचं दुखणं मागे लागू शकतं. ताकदीसाठी काळीज ही समजूत आपल्याकडे माणसांच्या स्वयंपाकघरातून आलीय, कुत्र्याला तेवढी गरज नसते.

पिवळी उलटी पहाटेच होते, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. रात्री आठला जेवण आणि सकाळी आठला पुढचं, असं बारा तास पोट रिकामं राहिलं की छोट्या कुत्र्यांना पित्त उलटून पडतं. पूर्वी तो दिवसभर थोडं थोडं कोरडं खायचा का? तसं असेल तर नव्या वेळापत्रकाचाच हा परिणाम असू शकतो. झोपायच्या आधी दोन चमचे हलकं खाणं दिलं तर बहुतेकांची ही उलटी थांबते. दिवसाढवळ्या, जेवणानंतर उलटी झाली तर मात्र हा खुलासा पुरत नाही.

‘डिटॉक्स’बद्दल फार लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं काही नाही. शरीरातली घाण यकृत आणि मूत्रपिंडं रोज काढतच असतात, त्यासाठी जुलाब लागावे लागत नाहीत. आव म्हणजे जुन्या खाद्याचा साचलेला थर नव्हे. सुजलेलं आतडं स्वतःला वाचवायला जो चिकट लेप सोडतं, तो. या शब्दाचा तोटा असा की त्यामुळे माणूस लक्षण बघतो आणि खूश होतो. ‘कोरडं आणि कच्चं एकत्र दिलं तर पोटात सडतं’ हेही त्याच घराण्यातलं. त्याला काही आधार नाही, आणि त्यामुळेच लोक हळूहळू बदल करायचं सोडून एका रात्रीत बदल करतात. तुमचंही तसंच झालं असावं.

इथे एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी एक स्पिट्झ माझ्याकडे अशाच कहाणीसह आला होता. खाणं बदललं, जुलाब लागले. मी ऐकलं, मान डोलावली, खाणं सुधारून दिलं आणि घरी पाठवलं. दहा दिवसांनी तो वजन उतरून परत आला. शी तपासली तर जिआर्डिया, म्हणजे आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी. खाण्याच्या कहाणीने मला इतकं पटकन पटवलं होतं की सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा कंटाळा केला. तेव्हापासून माझा नियम असा की खाणं पूर्ववत केल्यावर तीन-चार दिवसांत फरक पडला नाही, तर दोष खाण्याचा नाही असं धरून चालायचं. जंत, जिआर्डिया, पावसाळ्यात गोचिडतापाची सुरुवात, रस्त्यावर काहीतरी उचलून खाल्लेलं, यातलं काहीही असू शकतं. पिल्लू असेल किंवा लसीकरण अर्धवट असेल तर पार्व्हो (जुलाब-उलट्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) आधी तपासायचा, खाण्याचा विचार नंतर.

तर आत्ता काय करायचं. उलटी सुरू असेल तर पाच-सहा तास खाणं थांबवा, पाणी मात्र थोडं थोडं देत राहा. दर अर्ध्या तासाला दोन-तीन चमचे, वाटीभर एकदम नाही. (पिल्लांना असं उपाशी ठेवायचं नसतं, त्यांची साखर उतरते.) मग कातडी काढलेलं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन एक भाग आणि अगदी मऊ, गिचका भात दोन भाग. मीठ, हळद, फोडणी काही नको, आणि कांदा-लसूण घातलेल्या रश्श्याचं पाणी तर अजिबात नको, ते कुत्र्यांना विषारी आहे. दिवसाचं खाणं चार-पाच वेळांत वाटून द्या. मोठ्या आतड्याचा त्रास असल्याने त्यात चमचाभर उकडलेला लाल भोपळा कुस्करून घाला, किंवा अर्धा छोटा चमचा इसबगोल पाण्यात फुगवून. दोन्ही एकदम नको. घरात उरलेल्या जुलाबाच्या गोळ्या देऊ नका. मेट्रोनिडॅझोल हे जंतूंवरचं औषध तर आपल्याकडे लिमलेटच्या गोळीसारखं वाटलं जातं, साध्या जुलाबांत त्याची बहुधा गरज नसते. तीन-चार दिवसांत शी बांधून आली की पुढच्या तीन दिवसांत त्याला जुन्या कोरड्या खाद्यावर परत आणा आणि एक आठवडा काहीही बदलू नका. हा आठवडा लोक गाळतात. आतड्याचं अस्तर भरून यायला वेळ लागतो, शी बांधून आली म्हणजे काम संपलं असं नसतं.

त्यानंतरही ताजं खाणं द्यायचंच असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिले पाच दिवस जुन्या खाद्याचा पाव भाग काढून त्याजागी बिनकातडीचं, बिनहाडाचं चिकन. काळीज नाही, मान नाही, मासे नाहीत. शी नीट राहिली तर पुढचे पाच दिवस अर्धं, मग पाऊण. तीन आठवडे लागतील. बिघडली तर एक पायरी मागे यायचं, सगळं सोडून द्यायचं नाही. ताज्या खाण्यात पाणी जास्त आणि न पचणारा भाग कमी असतो, त्यामुळे तो पाणी कमी पिईल आणि शीही कमी होईल, कधी दिवसाआड. कुंथत नसेल तर ते बद्धकोष्ठ नाही.

बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, फॉस्फरस मात्र भरपूर असतो. त्याची भरपाई करावीच लागते. चिकूएवढ्या कुत्र्याला पूर्ण जेवण घरचं असेल तर दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम कॅल्शियम लागतं. उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी दळलेली अंड्याच्या टरफलाची पूड चहाचा पाव चमचा, एवढ्यात ते भागतं. पण कॅल्शियम भागलं म्हणजे जेवण पूर्ण झालं असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये घरी करायच्या २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्क्यांत कुठला ना कुठला घटक कमी निघाला. त्यामुळे तीन आठवड्यांनंतर शंभर टक्के घरचंच द्यायचं ठरलं, तर पशुआहाराच्या जाणकाराकडून जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांचा हिशेब करून घ्या. नाहीतर अर्धं तयार खाद्य आणि अर्धं ताजं यावर थांबा. माझ्या मते हा वाईट पर्याय नाही.

आणि हे ताजं खाणं कच्चंच असावं का? यावर माझं मत स्पष्ट आहे, तुम्हाला पटलं नाही तरी चालेल. कच्च्याची चळवळ इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याच्या १९९३ च्या पुस्तकानंतर पसरली. तिच्यातला ताज्या अन्नाचा आग्रह मला मान्य आहे. पण आपल्या दुकानांत कोंबडी ज्या लाकडी ओंडक्यावर तोडली जाते आणि खिम्याचं मशीन दिवसातून किती वेळा धुतलं जातं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू फ्रीझरमध्ये सगळे मरत नाहीत, बरेचसे फक्त झोपतात. मेलबर्न विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१८ मध्ये अचानक पाय लुळे पडणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात कॅम्पायलोबॅक्टर सापडण्याचं प्रमाण निरोगी कुत्र्यांपेक्षा बरंच जास्त होतं, आणि संशय कच्च्या चिकनवर, विशेषतः मानांवर होता. बोकडाची कच्ची वजडी, काळीज किंवा फुप्फुस तर कधीच नको. त्यातल्या हायडॅटिड गाठींमधून (पट्टकृमीच्या अळ्यांनी भरलेल्या पिशव्या) कुत्र्याला पट्टकृमी होतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात गाठ धरते. चिकू सोफ्यावर झोपतो, तोंड चाटतो. घरात लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा केमो चालू असलेलं कोणी असेल तर माझं उत्तर सरळ ‘नाही’ असतं. कोणीच नसेल तर निर्णय तुमचा. पण तेच चिकन दहा मिनिटं वाफवलं तर चिकूचं पोषणाचं फारसं काही जात नाही आणि ही सगळी यादी संपते. मी माझ्या दोन्ही कुत्र्यांना वाफवूनच देते. फक्त एक लक्षात ठेवा, वाफवायचं ते बिनहाडाचं. शिजलेलं हाड सुरीसारखं फुटतं.

दवाखान्यात जायची वेळ आली तर शीचा फोटो काढून न्या, शक्य झालं तर त्याच सकाळची चमचाभर शी झाकणाच्या डबीत. आणि कच्चं देत होतो हे डॉक्टरांना सांगा. पूर्वी माझ्याकडे लोक हे लपवायचे, कारण कच्चं म्हटलं की मी आधी पाच मिनिटं झापायची. मग ते ‘डॉक्टर, घरचंच साधं खातो’ म्हणायचे आणि मी चुकीच्या दिशेला शोधत बसायचे. ते कळलं तर कुठली तपासणी आधी करायची, जंताचं कुठलं औषध द्यायचं, ॲडमिट केलं तर पिंजरा वेगळा ठेवायचा का, हे सगळं बदलतं. रागावले तर रागावू द्या, पण सांगा.